दुपारचे दोन वाजले की

अरे बाळा,

तुझा मेसेज पहाटे चार वाजून अकरा मिनिटांचा होता. 'मॅडम, पेपर संपून नऊ दिवस झाले, आता तरी झोप यायला पाहिजे ना?' मी सहाला पाहिला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण दोन वर्षं तू माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसलायस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सावकाश वाच. यावर प्रश्न येणार नाहीत.

आधी तो 'संपून' शब्द खोड. घरी सगळे म्हणत असतील, सुटलास एकदाचा, आता आराम कर. संपलं काय? नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाचा, तीन तासांचा पेपर संपला. गोल रंगवलेली उत्तरपत्रिका, ती ओएमआर शीट, पर्यवेक्षकांनी घेतली आणि प्रश्नपत्रिका तुझ्या हातात राहिली. उत्तरसूची, निकाल, रँक हे सगळं व्हायचंय. मग सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागांच्या राज्याच्या प्रवेशफेऱ्या आणि १५ टक्क्यांच्या देशपातळीवरच्या. २०२५ साली नीटचा पेपर ४ मेला झाला आणि निकाल लागला १४ जूनला. एक्केचाळीस दिवस! घरच्यांच्या हे ध्यानात नाही, तुझ्या शरीराला मात्र बरोबर कळलंय. तेव्हा झोप उडाली म्हणजे माझं काहीतरी बिघडलं, असं डोक्यात घेऊ नकोस.

तू लिहिलंयस की दुपारी दोन वाजले की छातीत धडधडतं. ते वाचून मला हसू आलं, मग वाईट वाटलं. ती धडधड आम्हीच लावली. पेपर दोन ते पाच, म्हणून वर्षभर दर रविवारची टेस्टही दोन ते पाच. दीडला दार बंद. जेवण बाराच्या आत, तेही हलकं, भात नको, कारण भात खाल्ला की डोळे मिटतात. 'दोनला मेंदू लख्ख पाहिजे' हे वाक्य माझंच, कितीदा म्हटलं असेन. आता मे महिन्यात दुपारी दोनला तुमच्या गावात कुत्रंसुद्धा पाराच्या सावलीत आडवं पडलेलं असतं. कूलर घरघरतोय, आजी पदर तोंडावर घेऊन घोरतेय आणि तू मात्र खाटेवर ताठ बसलेला. शिकवलेलं अंगात मुरलं, दुसरं काय. मुरायला वर्ष लागलं, उतरायला थोडे दिवस लागणारच.

अजून एक कबुली देते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मी रोज एक आकडा लिहायचे, आठवतंय? उरलेले दिवस. ३१२, ३११, ३१०. तो तुम्हाला घाबरवायला नाही असं मी सांगायचे, पण होता तो त्यासाठीच. निवांत बसलेलं पोरगं म्हणजे कुणाच्या तरी कष्टाचं खाणारं पोरगं, असं आम्ही तुमच्या मनात इतकं घट्ट रोवलं की आता रिकामा बसलास की तुला चोरी केल्यासारखं वाटतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर १ लिहिला आणि संध्याकाळी तो पुसून दिवे बंद करून घरी गेले. शून्य कधी लिहिलंच नाही. लिहायला पाहिजे होतं.

आता तू काय चालवलंयस ते बघ. सहाला योगासनं, नऊला सिनेमा, रात्री आठ तास झोपेचं टार्गेट आणि ती झोप मोजायला मोबाइलवर ॲप. अरे, हे तर आरामाचं टाइमटेबल झालं! झोपेचं हार्मोन मेलाटोनिन कुठल्या ग्रंथीतून स्रवतं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी 'पिनिअल' म्हणून सांगशील. अडचण एवढीच की त्यासाठी आधी झोप लागावी लागते. ते ॲप काढून टाक. जाग चारला येते ना, येऊ दे. फोन हातात न घेता उठ, तोंड धू आणि अंगणात जा. पडून राहून झोपेची वाट बघणं फार वाईट, त्यात माणूस बेरजा करायला लागतो.

बेरजांवरून आठवलं. १९९१ साली मी बारावीला होते. तेव्हा मेडिकलला सीईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवरच यादी लागायची. पेपर संपले आणि मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर मार्क मांडत बसले. केमिस्ट्रीतल्या एका गणिताचा अर्धा मार्क धरायचा की सोडायचा, यावर माझ्या दुपारच्या दुपारी गेल्या. खोडून खोडून पान फाटलं की पुढचं पान घ्यायचं. निकाल आला तेव्हा त्यातली एकही बेरीज जुळत नव्हती आणि मेडिकल हुकलं. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाही. वाईट वाटलं, पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. पण त्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मावशीचं लग्न झालं. फोटोत मी आहे, हिरव्या परकरात, हातात अक्षता. मला त्या लग्नातलं काहीही आठवत नाही, ती वही तेवढी आठवते.

म्हणून ती प्रश्नपत्रिका आईकडे दे आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवायला सांग. अधिकृत उत्तरसूची आणि तुझ्या ओएमआरची प्रत आली की एकदा, फक्त एकदा, शांतपणे ताडून बघ. सूचीतच एखादं उत्तर चुकीचं दिलंय अशी पक्की खात्री असेल तर हरकत घे. गेल्या काही वर्षांत त्याला प्रश्नामागे २०० रुपये पडत आलेत. त्याआधी मित्रांच्या ग्रुपवर 'तू काय लिहिलंस' चालतं, त्यातून बाहेर पड. नुसतं म्यूट करून भागत नाही, आपण चोरून बघतोच.

आणि ते कटऑफ सांगणारे व्हिडिओ! २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते, नंतर सुधारित निकालात ते १७ राहिले. पुढच्याच वर्षी पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. एका वर्षात एवढी उलथापालथ होते, तिथे लाल बाण काढून 'यंदा एवढ्यावर नक्की सीट' म्हणणाऱ्याला काय कळणार? त्याला तुझा अंदाज नकोय, तुझी वीस मिनिटं हवीत.

तुला क्लासवाल्यांचे फोनही सुरू झाले असतील. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची रिपीटर बॅच, या तारखेच्या आत नाव घातलं तर फीमध्ये सवलत. मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगते, ती तारीख पुढे जाते. निकालाआधी हा विषय घरात निघू देऊ नकोस. बाबांनी काढला तर माझा नंबर दे. 'किती पडतील?' विचारणाऱ्या पाहुण्यांना 'निकाल लागला की सांगतो, काका' एवढं एकच उत्तर, हसून, दरवेळी तेच.

पण काम हवंच असेल तर खरोखर उरलेलं काम आहे. डोमिसाइल काढलंयस का? नॉन-क्रिमिलेयरची मुदत कधीपर्यंत आहे ते बघितलंस? जात वैधता प्रमाणपत्राची पावती नुसती फाइलमध्ये आहे की प्रमाणपत्र हातात आलंय? दरवर्षी दोन-तीन पोरं चांगले मार्क घेऊन कागदापाशी अडकतात आणि मग बाप तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर उन्हात उभा राहतो. बाबांना पाठवू नकोस, तू जा. सर्व्हर डाऊन असेल, दुसऱ्या दिवशी परत जा. रांगेत पुढच्या माणसाशी बोल. आठवड्यात असा एक दिवस पुरे, उरलेले दिवस त्या फाइलला हात लावायचा नाही.

मागच्या फोनवर तू म्हणालास, आईने कुरडयांचे गहू भिजत घातलेत. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी चीक शिजवायचा असणार आणि तो पहाटेच शिजवतात, उन्हं चढायच्या आत गच्चीवर कुरडया पडायला हव्यात. तू तर चारलाच जागा असतोस! त्या दिवशी चुलीपाशी तू उभा राहा. उकळत्या पाण्यात आई चीक ओतेल तेव्हा ढवळणं तुझ्याकडे घे. पहिली दोन मिनिटं सोपं वाटतं, मग एकदम घट्ट यायला लागतो, दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो, पातेलं सरकतं, म्हणून कुणीतरी फडक्याने ते धरून ठेवावं लागतं. क्षणभर हात थांबला की गुठळी झाली. खांदे भरून येतात. पांढरा चीक काचेसारखा चकाकायला लागला की आई म्हणेल, झालं. त्यातला गरम वाटीभर चीक तूप घालून आधी खाऊन घे, मग सोऱ्या. सुती धोतरावर पहिल्या दहा कुरडया वाकड्या पडतील, आजी नावं ठेवेल, ठेवू दे. त्या दुपारी दोनला तुला जाग असली तर मला नवल वाटेल.

एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून लिहिते. पंधरा दिवसांनीही झोप अशीच राहिली, जेवण सुटलं, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असं एकदा जरी मनात आलं, तर निकालाची वाट बघायची नाही. त्याच वेळी आईला उठव, मला फोन कर, वाजलेत किती ते बघू नकोस. ओळखीच्या माणसांशी बोलणं जड वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

बाकी काय. क्लासमध्ये आता सामसूम आहे, पुढची बॅच जूनमध्ये. काल रविवारी जेवून पडले होते, डोळा लागणार तोच दोन वाजले आणि मी दचकून उठून घड्याळ शोधायला लागले. टेस्टचे पेपर वाटायचे राहिलेत असं वाटलं. तेव्हा ही खोड तुला एकट्यालाच नाही.

कुरडया घातल्या की त्या दिवशी दोनला फोन कर. जागा असलास तर. पेपरचं बोलायचं नाही, किती पडल्या आणि किती मोडल्या तेवढं सांग. आणि आईला म्हणावं, गेल्या वर्षीचा डबा रिकामा होऊन माझ्याकडेच पडलाय.

तुझी,
मॅडम