क्रोशाने विणलेली पिशवी सामान भरल्यावर लोंबते, काय करावं?

बहुतेक वेळा दोष लोकरीचा असतो, ती ताणते. पिशवीसाठी जाड सुती दोराच घ्या आणि सुई वेष्टनावर दिलेल्या मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक वापरा, म्हणजे वीण घट्ट बसेल. गोल तळासाठी पहिल्या फेरीत ६ मुके खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाके), पुढे दर फेरीत ६ वाढवत १२, १८, २४ असं जा. तळ हवा तेवढा झाला की वाढवणं थांबवा, बाजू आपोआप उभ्या राहतात. जाळीची नक्षी मलाही फार आवडते, पण भाजीच्या पिशवीला नको, मिरच्या गळतात. सगळ्यात जास्त ताण पट्ट्यावर येतो. तो लांबीच्या दिशेने विणा, आतून सुती कापडाची पट्टी हाताने शिवून टाका. माझ्या आईची अशी पिशवी अजून रोज बाजारात जाते.