डिनर दुपारी आणि टी संध्याकाळी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझा एक ऑफिसातला सहकारी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा आहे, रोज ऑनलाइन बोलणं होतं. तो भर दुपारी बाराला ‘डिनरला चाललो’ म्हणतो आणि संध्याकाळी ‘टी झाला की बोलू’ म्हणतो. मग हा रात्री जेवतो कधी?

उत्तर : जेवतो हो, पोटभर जेवतो! त्याचा ‘टी’ हेच त्याचं संध्याकाळचं जेवण, त्यात चहा असेलच असंही नाही. यॉर्कशायर ज्या उत्तर इंग्लंडात येतं, तिथे बऱ्याच घरांमध्ये ब्रेकफास्ट, डिनर, टी असा क्रम चालतो आणि दक्षिणेकडे तेच ब्रेकफास्ट, लंच, डिनर होतं. पण हे फक्त उत्तर-दक्षिण असं नाहीये, त्यात कामगारवर्ग आणि वरचा वर्ग हा भेदही मिसळलेला आहे, त्यामुळे तिकडचे लोक यावर अगदी हिरिरीने भांडतात.

मुळात डिनर म्हणजे रात्रीचं जेवण हे समीकरणच आपण शाळेत चुकीचं पाठ केलंय. डिनर म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण, मग ते कधीही असो. मध्ययुगात इंग्लंडात ते दुपारच्या सुमारास व्हायचं आणि रात्री हलकं काहीतरी, म्हणजे सपर. पुढे 18व्या-19व्या शतकात श्रीमंतांचं डिनर सरकत सरकत रात्री सात-आठवर गेलं. आता सकाळचा ब्रेकफास्ट आणि रात्री आठचं डिनर यात एवढी मोठी पोकळी राहिली की ती भरायला आधी लंचन (म्हणजे आजचं लंच) आलं आणि मग दुपारचा चहा आला. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या शब्दकोशात लंचनचा अर्थ हातात मावेल एवढं खाणं असा दिलाय, म्हणजे तेव्हा ते जेवण म्हणून गणतीतच नव्हतं.

जुना अर्थ अजून जिवंत आहे हे बघायचं असेल तर तिकडचं ख्रिसमस डिनर बघा, ते बहुतेक घरी दुपारी असतं. शाळेत दुपारी मुलांना मिळतं ते ‘स्कूल डिनर’ आणि वाढणाऱ्या बायका ‘डिनर लेडीज’. तेव्हा कोणी डिनरला बोलावलं तर सरळ किती वाजता ते विचारा, तिकडचे लोकही एकमेकांना विचारतात, त्यात लाज कसली.

प्रश्न : मग सपर कधी म्हणायचं? हा शब्द जुना झालाय का?

उत्तर : जुना नाही, पण कोण बोलतंय त्यावर अर्थ बदलतो. ब्रिटनमधल्या वरच्या मध्यमवर्गात सपर म्हणजे घरच्या कपड्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलेलं साधं जेवण आणि डिनर म्हणजे पाहुणे आणि नीट मांडलेलं टेबल. काही घरांत झोपायच्या आधीच्या दूध-बिस्किटालाही सपर म्हणतात. अमेरिकेत दक्षिणेकडे आणि शेतकरी कुटुंबांत दुपारी डिनर, संध्याकाळी सपर असं जुनी माणसं अजून म्हणतात. तुम्ही परके असाल तर संध्याकाळच्या जेवणाला बिनधास्त डिनर म्हणा, सहसा गैरसमज होणार नाही.

प्रश्न : हाय टी म्हणजे उच्चभ्रू लोकांचा चहा ना?

उत्तर : उलटं आहे! तीन मजली ताटली, छोटे सँडविच, स्कोन (छोटे गोलसर पाव), केक, असा जो थाट फोटोत दिसतो तो ‘आफ्टरनून टी’, साधारण चारच्या सुमारास. त्याची सुरुवात 1840च्या आसपास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी केली असं सांगतात. हाय टी मात्र कामगारांचा. कारखान्यातून दमून आलेल्या माणसाचं पाच-सहा वाजताचं गरम जेवण, त्यात मांस किंवा मासे, ब्रेड, चीज आणि सोबत कडक चहा. आता जगभरची हॉटेलं हाय टी या नावाने आफ्टरनून टीच विकतात कारण ‘हाय’ ऐकायला भारी वाटतं, तेव्हा मेन्यू बघूनच ठरवा. आणि ‘क्रीम टी’ दिसला तर चहात साय घातलेली नसते, चहासोबत स्कोन, जॅम आणि घट्ट क्रीम येतं. स्कोनवर आधी क्रीम लावायचं (डेव्हनवाले) की आधी जॅम (कॉर्नवॉलवाले) हा इंग्लंडातल्या या दोन शेजारी परगण्यांचा वाद काही मिटत नाही, आपण त्यात पडू नये.

प्रश्न : ‘आय टुक अ लंच’ बरोबर की ‘आय हॅड लंच’?

उत्तर : ‘आय हॅड लंच’. जेवणाच्या नावाआधी एरवी ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही, ‘लेट्स हॅव ब्रेकफास्ट’, ‘डिनर इज रेडी’, बस. पण विशेषण आलं की ‘अ’ येतो, ‘अ हेवी लंच’, ‘अ लेट ब्रेकफास्ट’. एखाद्या ठरावीक जेवणाबद्दल बोलत असाल तर ‘द’, जसं ‘द डिनर दे गेव्ह अस’. ‘टेक’ने घोळ होतो, ‘आय टेक लंच टु वर्क’ म्हणजे मी जेवण सोबत घेऊन जातो, जेवतो असं नाही. नाश्त्याला काय खाल्लं हे सांगताना ‘फॉर ब्रेकफास्ट’ आणि जेवता जेवता बोलू म्हणायचं तर ‘ओव्हर लंच’. हे ‘ओव्हर’ फार कामाचं आहे, ऑफिसच्या मेलमध्ये वापरून बघा.

प्रश्न : ब्रंच हा हल्लीचा अमेरिकन शब्द आहे का?

उत्तर : नाही, ब्रेकफास्ट आणि लंच जोडून झालेला हा शब्द ब्रिटिश आहे आणि त्याने शंभरी कधीच ओलांडलीये. 1895 मध्ये गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेत लेख लिहिला, त्यात हा शब्द आला. अमेरिकेने नंतर तो उचलून धरला.

प्रश्न : अमेरिकेतल्या मेन्यूवर ‘आँत्रे’ हे स्टार्टर समजून मागवलं तर केवढी मोठी प्लेट आली! आणि ऑस्ट्रेलियातल्या मित्राने पार्टीला ‘ब्रिंग अ प्लेट’ लिहिलंय, त्यांच्याकडे प्लेट कमी आहेत का?

उत्तर : अमेरिकेत आँत्रे म्हणजे मेन कोर्स. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात मात्र आँत्रे म्हणजे सुरुवातीचाच पदार्थ, तुम्ही समजलात तो. त्यामुळे देश बघून ऑर्डर द्या. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे प्लेटमध्ये सगळ्यांसाठी काहीतरी खायचं घेऊन या, अमेरिकेत यालाच पॉटलक म्हणतात. रिकामी प्लेट घेऊन पोचलेले नवखे लोक तिकडे नेहमी भेटतात. काय आणायचं ते आधी मित्राला विचारून घ्या, नाहीतर पाच जण केकच घेऊन येतात.