आधी धास्ती घालवू की अटॅक?

पत्र: चार महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, आता आपलं संपलं असंच वाटलं. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. तेव्हापासून पुन्हा येईल या धास्तीत असते, आणि धास्तीत असले की तो येतोच. लिफ्ट सोडली. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरते. मनगटावरच्या घड्याळात सारखे ठोके बघते. टेन्शनमुळे अटॅक येतो की अटॅकमुळे टेन्शन? आधी कशाचा बंदोबस्त करू?
– धास्तावलेली

उत्तर: अगं, दोन्ही खरं आहे, म्हणून तर सुटत नाही. पण आधी कोण, हे शोधत बसू नकोस. साखळी कुठे तुटते ते बघू.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुझं घड्याळ. समज, तू जिना चढून आलीस. ठोके वाढले, कुणाचेही वाढतात. तू मनगट बघितलंस, ११० दिसले, आणि मनात आलं, ‘झालं सुरू.’ तेवढ्या शंकेनेही अ‍ॅड्रेनालिन सुटतं. ठोके आणखी वाढतात, श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा तो बहुधा गरजेपेक्षा जास्तच चाललेला असतो. (म्हणून ‘खोल श्वास घे’ म्हणणाऱ्यांचं फार ऐकू नकोस. घ्यायचाच तर हळू घे, सोडताना आणखी हळू.) ही नवी लक्षणं बघून तू अजून घाबरतेस.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हेच मांडलं: शरीरातल्या साध्या बदलाचा ‘आता काहीतरी भयंकर होणार’ असा अर्थ लावला जातो आणि तिथून अटॅक पेटतो. चक्कर येऊन पडू अशी भीती तुलाही वाटत असणार. पण भोवळ येते ती सहसा रक्तदाब उतरल्यावर, आणि पॅनिकमध्ये तो बहुतेक वेळा चढलेला असतो.

आता दाराजवळची खुर्ची. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. तू मध्येच बाहेर पळालीस तर तो उतरल्याचं श्रेय दाराला जातं. आत बसून राहिले असते तरी उतरला असता, हे तुझ्या मेंदूला कधी कळतच नाही. लिफ्टचंही तेच. जे तुला वाचवतंय असं वाटतं, तेच धास्तीला जगवतंय.

तेव्हा घड्याळ उद्यापासून घरी ठेव. खुर्ची एकेक करून आत सरकव. लिफ्टने आधी एकच मजला जा. आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठ. तिथे मुद्दाम जागच्या जागी गरगर फिरायला, भराभर श्वास घ्यायला लावतात, म्हणजे धडधड आणि गरगर नुसती धडधड आणि गरगर वाटायला लागते. विचित्र वाटेल, पण उपयोग होतो. दमा, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांग.

औषध दिलंच तर रोज घ्यायच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. चटकन शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, शिवाय पर्समधली गोळी म्हणजे दुसरं दारच. कॉफी कमी कर.

एक मात्र लक्षात ठेव. श्रम करताना छातीत दुखलं किंवा खरंच शुद्ध हरपली, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसू नकोस, लगेच डॉक्टरकडे जा. आणि घड्याळ काढल्यावर पहिले काही दिवस बेचैनी वाढेल. ती वाढली म्हणून परत घालू नकोस.