गृहीतक की परिकल्पना?

एका पालकांनी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हायपोथेसिसला गृहीतक लिहायचं की परिकल्पना, आणि सिद्धांत म्हणजे नुसता अंदाजच ना, असं विचारलंय.

पुस्तकांत गृहीतक आणि परिकल्पना दोन्ही सापडतात, अभ्युपगम असाही एक जड शब्द आहे, पण मी परिकल्पनेच्या बाजूचा. कारण आपण रोजच्या बोलण्यात एखादी गोष्ट गृहीत धरतो म्हणजे तिच्यावर आता वाद नाही, ती मान्य करून पुढे जायचं. हायपोथेसिस तर तपासायलाच मांडलेली असते, ती चुकीची निघू शकते, आणि कुठल्याच परिस्थितीत चुकीची निघणार नसेल तर ती विज्ञानाच्या कामाचीच नाही.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० कुंडल्या, त्यातल्या ४० प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली, त्यातली सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवूनही साधारण तेवढीच आली असती. यात परिकल्पना कोणती, तर कुंडलीवरून बुद्धी ओळखता येते ही, ती कसाला लागली आणि टिकली नाही. आणि गृहीतक कोणतं, तर जन्मवेळा बरोबर नोंदल्यात हे, ते मान्य केल्याशिवाय चाचणी सुरूच होत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक सांगणार कसा?

सिद्धांत मात्र अंदाज नव्हे, पुराव्यावर उभं राहिलेलं स्पष्टीकरण असतं ते. शब्दात 'सिद्ध' आहे म्हणून कायमचं सिद्ध असंही नाही. विश्वाला सुरुवात नाही, ते एकंदरीत कायम सारखंच दिसतं असं सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत १९४८ चा, नारळीकरांनीही त्यावर खूप काम केलं, पण १९६५ मध्ये सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि ते सुरुवातीच्या तप्त विश्वाचा अवशेष मानून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोट सिद्धांताकडे वळले. स्थिर स्थितीचं नाव मात्र अजून सिद्धांतच आहे.

प्रोजेक्टमध्ये ती मुगाला मिठाच्या पाण्यात उशिरा मोड येतात का ते बघणार असेल तर 'उशिरा येतात' ही परिकल्पना लिहा, आणि दोन्ही वाट्यांतले मूग एकाच पिशवीतले म्हणून सारखेच आहेत हे गृहीतक म्हणून वेगळं लिहा. आणि हो, 'गृहीत'मधला 'ही' दीर्घ.