घरचे सगळे शिजवलेलं जेवतात आणि मला कच्चा आहार सुरू करायचाय. कसं जमवू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही २६ वर्षांच्या आहात, आईबाबा आणि आजीसोबत राहता, पूर्ण कच्च्या आहारावर जायचं ठरवलंय आणि तसं सांगितल्यापासून आई घुश्श्यात आहे. 'मग मी स्वयंपाक करू तरी कुणासाठी?' असं त्या म्हणाल्या. मला तुमचा प्रश्न आहाराचा कमी आणि आईचा जास्त वाटला, म्हणून आधी आईचं बघू.

मी नाशिकला असते, सिडकोत. वय ४३. घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी मी सात आठवडे शंभर टक्के कच्चं खाल्लं. आता दुपारचं जेवण कच्चं आणि रात्री सगळ्यांबरोबर आमटी-भाकरी, असं चालतं. आमच्याकडे स्वयंपाक मीच करते. म्हणजे विस्तवावरचं काही तोंडात घालायचं नाही असं ठरवलेली बाई रोज सकाळी बावीस पोळ्या लाटत होती.

माझी पहिली चूक तीच, जी तुमची झालीय. मी जाहीर केलं. रविवारी सकाळी सगळ्यांना पोहे वाढताना सांगून टाकलं की उद्यापासून मी शिजवलेलं खाणार नाही. मुलं हसली. हे म्हणाले, 'बरं.' सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. सोमवारी दुपारी पानं त्यांनी घेतली. माझ्या ताटात एक अख्खी काकडी होती. न धुतलेली, न सोललेली, देठासकट.

मला तेव्हा राग आला होता. आता कळतं की ज्या बाईने पन्नास वर्षं माणसांना जेवू घातलं, तिला 'तुमचं शिजवलेलं नको' हे 'तुम्ही नको' असंच ऐकू येणार. तुमच्या आईलाही तेच ऐकू आलंय. त्यांना 'शिजवल्याने अन्नातले एन्झाइम मरतात' असले व्हिडिओ दाखवू नका. मी सासूबाईंना दाखवले होते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि विचारलं, 'हिच्या घरी सासू नाही वाटतं?'

मग सुटलं कसं, तर ताटामुळे. आपल्या ताटाला डावी बाजू असते: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. कच्चं खाणं आपल्या घरात परकं नाहीच, फक्त ते डावीकडे चमचाभर वाढलं जातं. मी वेगळं ताट, वेगळा डबा, वेगळी वेळ हे सगळं सोडलं आणि त्याच पंगतीत, त्याच ताटात डावी बाजू वाढवत नेली. गाजराची कोशिंबीर चमच्याऐवजी वाडगाभर. मोडाची मटकी, कांदा, कैरी, ओलं खोबरं. मेथी कोवळी असेल तर घोळाणा. त्यात मी भाजलेल्या कुटाऐवजी भिजवलेले दाणे जाडसर वाटून घालायचे. उजवीकडची भाजी कमी होत होत एक दिवस दिसेनाशी झाली. ताट भरलेलं दिसत होतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही.

दुसरी युक्ती मी 'फोडणीआधीची वाटी' म्हणते. आपले कितीतरी पदार्थ फोडणी पडेपर्यंत कच्चेच असतात. कोशिंबिरी, कोबीची पचडी, चैत्रातली आंब्याची डाळ. तिच्यात काय असतं? भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे देतो, तेही कच्चेच. तुमच्या आईला एवढंच सांगा: 'फोडणी घालायच्या आधी माझी वाटी काढून ठेवशील?' यात त्यांचा पदार्थ त्यांचाच राहतो, हातही त्यांचाच लागतो. वेगळं काही करावं लागत नाही. (डाळ मात्र वाटीभरच खा. कच्ची हरभरा डाळ पोटात काय गोंधळ घालते ते मी इथे लिहीत नाही.)

मिठाचा किस्सा सांगते. स्वयंपाक मी करायचे, पण आमटी चाखायची नाही म्हटल्यावर मीठ कळणार कसं? पहिल्या आठवड्यात दोनदा आमटी खारट झाली, एकदा अळणी. धाकटा म्हणाला, 'आई, तुझ्या डाएटची शिक्षा आम्हाला का?' तेव्हा सासूबाईंना हाक मारली, 'आई, जरा मीठ बघता का?' त्या आल्या, तळहातावर थेंबभर आमटी घेतली, चाटली, म्हणाल्या, 'कोकम कमी आहे.' दुसऱ्या दिवशी मी हाक मारायच्या आतच त्या ओट्याशी येऊन उभ्या. त्या आठवड्यापासून काकडी सोलून, चकत्या करून यायला लागली. तुमच्या घरी स्वयंपाक आई करतात, त्यामुळे हे जसंच्या तसं जमणार नाही. पण कोशिंबीर कालवून त्यांना 'चव बघ ना' म्हणता येईल. आजींनाही.

आता आहाराचं. इथे मी बरंच चुकले, म्हणून जरा लांबवते.

पहिले दहा दिवस मी उपाशी होते आणि ते मला कळलंच नाही. पोट टम्म, पण दुपारी चारला हातपाय गळायचे, आणि शेजारच्यांकडची लसणाची फोडणी आमच्या बाल्कनीत आली की रडू यायचं. कारण साधं आहे. एक किलो काकडीत जेमतेम दीडशे कॅलरी असतात. तेवढ्याच मूठभर, म्हणजे साधारण २५ ग्रॅम शेंगदाण्यांत असतात. नुसत्या पानं-काकड्यांवर माणूस चालत नाही. भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, तीळ, केळी, खजूर, बदाम यांचा भरणा लागतो. खर्चही धरा. आमच्या भाजीचं बिल त्या महिन्यात जवळपास दुप्पट झालं आणि ह्यांचं ते 'बरं' जरा लांबायला लागलं.

राजम्याची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. मोडाचं मिश्र कडधान्य करताना मी मूग, मटकी, हरभऱ्याबरोबर मूठभर राजमाही भिजवला. मोड आले, छान दिसत होतं. मी खाल्लं, आणि बायकोला साथ द्यायची म्हणून त्याच दिवशी ह्यांनीही खाल्लं. दोन-अडीच तासांत दोघंही बाथरूमच्या दाराशी नंबर लावून. उलट्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत उतरलं, पण तोवर सासूबाईंनी मोठ्या दिरांना फोन करून झाला होता. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं एक प्रथिन असतं. चार-पाच दाण्यांनीही त्रास होऊ शकतो आणि मोड आणल्याने ते पुरेसं जात नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळूनच खायचा. वाल, पावटा, सोयाबीन हेही कच्चे नकोत. कच्चे खायला मूग आणि मटकी बऱ्या.

मोडांचंही तारतम्य हवं. उबदार, ओलसर फडक्यात मोड येतात तसे जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जंतूची मोठी साथ आली होती, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि माग काढत गेल्यावर संशय मेथीच्या मोडांवर येऊन थांबला. म्हणून मोड घरीच आणा, स्वच्छ फडक्यात, दर काही तासांनी धुऊन. बुळबुळीत झाले किंवा वास आला तर सरळ फेका. उन्हाळ्यात मटकीला एका रात्रीत मोड येतात, आमच्या नाशिकच्या थंडीत दीड दिवस लागतो. तुमच्या आजींना हौसेने कच्चे मोड वाढू नका, त्यांचे वाफवूनच द्या. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तरी तेच.

दुधीचा रस घेणार असाल तर आधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, 'औषधी आहे' म्हणून गिळू नका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समितीही नेमली होती. रोज पेलाभर कच्च्या पालकाचा रस हाही मला आता मूर्खपणा वाटतो. पालकात ऑक्झलेट भरपूर. मुतखड्याचा इतिहास असेल तर लांबच राहा. अळू आणि सुरण कच्चे कुणी खात नाही हे गृहीत धरते, घसा खाजला की तुम्हालाच कळेल.

तुमच्याकडे मांस-मच्छी होते का ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे रविवारी मटण असतं. कच्चं खायला लागल्यापासून माझी सुरी आणि पाट वेगळा, आणि फ्रिजमध्ये माझं वरच्या कप्प्यात, मटण झाकून सगळ्यात खाली. हे सोवळं नव्हे. मटणाचं पाणी गळून कोथिंबिरीवर पडलं तर ती कोथिंबीर शिजणार नाहीये, एवढंच कारण. पालेभाजी मोठ्या पातेल्यात बुडवून धुवायची, तळाला रेती दिसायची थांबेपर्यंत पाणी बदलायचं, आणि मग नळाखाली.

आता सात आठवड्यांनी मी का थांबले ते. वजन पाच किलो उतरलं, पित्त गेलं, मी खूश होते. पण पाळी तीन आठवडे लांबली. वय झालं असेल म्हणून आधी सोडून दिलं. मग वाचलं की जर्मनीतल्या गीसेनच्या संशोधकांनी कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून जास्त लोकांची पाहणी केली होती, १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या साधारण ३० टक्के बायकांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झालेली आढळली. वजन जितकं खाली, तितकं हे जास्त. तुमचं वय २६ आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. पाळीची तारीख लिहून ठेवा. ती हलली तर तो 'शरीर शुद्ध होतंय' वगैरे प्रकार नसतो, खाणं कमी पडतंय. डॉक्टरांकडे जा. व्हिटॅमिन बी-१२ ची तपासणी सुरू करण्याआधीच करून घ्या. वनस्पतीज अन्नातून ते भरवशाने मिळत नाही आणि दूध-दही सोडलंत तर गोळी लागेलच. शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

शंभर टक्के हा आकडाच माझ्या मते डोक्यातून काढा. कच्चा आहारवाले साधारण ४२ ते ४८ अंशांची रेघ मारतात, त्यावर तापलं की ते बाद. या हिशेबाने गूळ बाद, पोहे बाद, भाजलेल्या दाण्यांचा कूट बाद. मी एक आख्खी संध्याकाळ लाकडी घाण्याचं तेल घाण्यात किती तापत असेल या विचारात घालवलीय. त्या वेळात मुलाचा अभ्यास घेतला असता. आणि गाजर-टोमॅटोतली काही द्रव्यं तर शिजवल्यावरच शरीराला जास्त लागतात. व्हिटॅमिन सी उलट शिजवल्याने कमी होतं. म्हणजे दोन्हीला जागा आहे. गांधीजींनीही १८९३ मध्ये प्रिटोरियात हा प्रयोग करून सोडला होता, आणि १९२९ मध्ये पुन्हा करून आमांश झाल्यावर परत सोडला. एवढा हट्टी माणूस दोनदा सोडतो, तर आपण रात्री आमटी प्यायलो म्हणून काय बिघडलं?

सुरुवात दुपारच्या एका जेवणापासून करा. ऑफिसला डबा नेत असाल तर डब्यापासूनच, म्हणजे घरच्या ताटात काही बदलत नाही. रात्री आईच्या हातचं, सगळ्यांबरोबर. सणावाराला नियम गुंडाळून ठेवा. मी कच्च्या आहाराच्या पाचव्या आठवड्यात गणपतीचे चार मोदक खाल्ले, तूप घालून. सासूबाईंनी पाचवा न विचारता वाढला.

आजींचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्या म्हणतात, 'कच्चं जनावरं खातात.' त्यांना सरळ विचारा की लहानपणी शेतात काय काय खायच्या. आमच्या सासूबाई निफाडकडच्या. मी एकदा विचारलं, तर भाजी निवडता निवडता अर्धा तास सांगत होत्या: हरभऱ्याचे घाटे, कोवळी गवार, कोवळी भेंडी, मुळा उपटून तिथेच पाटाच्या पाण्यात धुऊन, बुक्कीने फोडलेला कांदा, चिंचेचा कोवळा पाला, मीठ लावून कोवळं वांगं. वांगं मी अजून खाऊन बघितलेलं नाही.