शाळेला सायकलने पाठवायचं? आधी चौक बघा

प्रश्न : मुलगी १० वर्षांची आहे. सोसायटीच्या आवारात सायकल झकास चालवते. आता शाळेलाही सायकलनेच जायचा हट्ट धरून बसली आहे. पाठवावं का?

आवारात मागून गाड्या येत नाहीत, त्यामुळे तिची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही. ती तुम्हीच घ्या. रिकाम्या मैदानात खडूने सरळ रेघ आखा आणि तिला रेघेवरून सायकल चालवायला सांगा. तुम्ही मागे उभं राहून हाक मारा आणि बोटं दाखवा. चालत्या सायकलवर मान वळवून तिला बोटं किती ते सांगता आलं पाहिजे, आणि तेवढ्यात सायकल रेघेवरून वीतभरही हलता कामा नये. बहुतेक मुलं इथेच चुकतात. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल नेमकी रस्त्याच्या मध्याकडे जाते. कोपरं सैल ठेवून फक्त हनुवटी खांद्याकडे न्यायची, हे आठवडाभर घोटून घ्या. मग एक हात सोडून वळायची खूण करणं, आणि ठरलेल्या रेघेवर पाय न घासता दोन्ही ब्रेकनी थांबणं.

एवढं जमलं तरी एक गोष्ट उरते, ती शिकवून लवकर येत नाही. लहान मुलं गाडी किती लांब आहे ते बघतात, किती वेगात येते आहे ते त्यांना नीट जोखता येत नाही. शिवाय दोन गाड्यांमधली, मोठ्या माणसाला पुरेल तेवढीच फट ती निवडतात, पण पायडलवर पाय बसवून निघेपर्यंत त्यांची एक-दोन सेकंदं जातात. म्हणून १० व्या वर्षी शांत गल्ल्यांतून एकटीने जायला हरकत नाही; वाहता रस्ता सायकलवरून ओलांडायला मात्र माझा नकार आहे. जर्मनीत तर ८ वर्षांखालच्या मुलांनी गाड्यांच्या रस्त्यावर सायकल न चालवता फुटपाथ किंवा वेगळा सायकलमार्ग वापरावा, असा नियमच आहे. फुटपाथची मुभा १० वर्षांपर्यंत असते.

प्रश्न : शाळा अडीच किलोमीटरवर आहे. सरळ रस्त्याने गेलं तर एक मोठा चौक लागतो. गल्ल्यांतून गेलं तर अर्धा किलोमीटर जास्त पडतं. कोणता रस्ता निवडावा?

गल्ल्यांचा. अर्धा किलोमीटर म्हणजे फार तर तीन मिनिटं. पण गल्लीचा रस्ताही तपासल्याशिवाय ठरवू नका. शाळेच्या वेळेलाच एकदा चालत जा. सुट्टीच्या दिवशीची पाहणी काही कामाची नाही, कारण त्या दिवशी ना स्कूलबस असतात ना घाईतले पालक. प्रत्येक वळणावर गुडघे वाकवून मुलाच्या उंचीवरून बघा. उभ्या गाडीमुळे तुमची नजर अडत नाही, त्याची अडते. बोळांची तोंडं, फाटकातून मागे येणाऱ्या गाड्या, रस्त्यात उभे ट्रक हे सगळं टिपून ठेवा.

मोठा चौक टाळताच येत नसेल तर तिथे उतरायचं आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून चालत जायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून, रस्ता मोकळा दिसला तरी. सिग्नलला ट्रक किंवा बसच्या शेजारी उभं राहायचं नाही, मागे थांबायचं. मोठी गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि तिथे चिकटून उभी असलेली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही. उभ्या मोटारींपासून एक मीटर लांब राहायचं. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

नंतर सुट्टीच्या दिवशी दोन-तीनदा सोबत जा. पहिल्यांदा तुम्ही पुढे, नंतर मुलगा पुढे आणि तुम्ही मागे, किंचित रस्त्याच्या मध्याच्या बाजूला. मागून सूचना देत राहिलात तर त्याचा निर्णय तुम्हाला कळणारच नाही. गप्प राहा, घरी आल्यावर बोला.

प्रश्न : ‘वाढतं अंग आहे’ म्हणून मोठी सायकल घेतली. मुलगा थांबताना एक पाय घासत थांबतो. सवय होईल का?

होईल ती पाय घासायचीच. सीट पूर्ण खाली करा. त्यावर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, आणि सायकलच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर नळी अंगाला लागता कामा नये. जमत नसेल तर ती सायकल वर्षभर बाजूला ठेवा.

हात हँडलच्या मुठीवर ठेवून ब्रेकच्या दांडीवर बोटं पोचतात का तेही बघा. पुष्कळ सायकलींत दांडीपाशी बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. मग ब्रेकची तार नीट ताणून घ्या. दांडी पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकत असेल तर ब्रेक ढिला आहे. ब्रेकचं रबर रिमलाच बसलं पाहिजे; टायरला घासत असेल तर टायर फाटेल.

प्रश्न : दप्तर सहा किलोंचं. पाठीवर चालेल का? आणि हेल्मेट कसं बसवायचं?

पाठीवर नको. वजन वर जातं, सायकल डुलते, आणि मागे बघताना मान अडते. कॅरिअरवर दोन रबरी पट्ट्यांनी बांधा, पट्ट्यांची लोंबती टोकं चाकात जाणार नाहीत अशी खोचा. हँडलला पिशवी तर मुळीच नाही, वळताना ती चाकाला लागते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं. बाजूच्या पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळाव्यात, हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं. आतला फोम एकदा जोरात आपटला की बाहेरून धड दिसला तरी हेल्मेट बदलायचं.

प्रश्न : पावसात आणि अंधाऱ्या सकाळी?

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी हलके दाबत यायचं. मॅनहोलची झाकणं आणि रंगवलेले पट्टे ओले असताना त्यांच्यावर वळायचं नाही. अंधारात मागे लाल, पुढे पांढरा दिवा, आणि घोट्याला चमकणारी पट्टी; वरखाली हलणारा पाय ड्रायव्हरला लगेच ओळखू येतो. जोरदार पावसात सायकल घरीच राहू दे.

प्रश्न : मित्रांबरोबर जातो तेव्हा शर्यत लागते. एकट्याने पाठवणं बरं का?

चार जणांत तीनच निसटतील एवढी फट असते, आणि चौथा विचार न करता त्यांच्या मागोमाग जातो. तरी सोबत तोडू नका, दोघांचीच ठेवा. रांगेत जायचं, क्रॉसिंगवर प्रत्येकाने स्वतः बघायचं, ‘चल’ म्हणायला बंदी. आधी त्या मित्राच्या आईशी बोला; नियम दोन्ही घरी एकच असला तरच तो पाळला जातो.