हेड उतरवण्याआधी टर्बोचा पाण्याचा होज बघा

तुम्ही लिहिता, फोंडाघाट चढून दाजीपूरला चहाला थांबलं की बॉनेटमधून गोडसर वास येतो. आठवड्याला अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतं, खाली थेंब दिसत नाही, तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, आणि कणकवलीचा मेस्त्री म्हणतो, "हेड उतरवचा लागतला". गाडी २०१५ ची, दीड लिटर डिझेल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. दुखणं इतकं नीट लिहिलंत म्हणून सांगतो, अजून हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हात लावू देऊ नका.

वास चालताना येत नाही, थांबल्यावर येतो, ही तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची ओळ. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. घाट चढताना त्यात शिरणारा धूर ७०० अंशांच्या आसपास जातो. गाडी चालू असते तोवर पाण्याचा पंप कूलंट फिरवत असतो. चावी फिरवली की पंप बंद, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती टर्बोच्या मधल्या भागात, बेअरिंगकडे येते आणि तिथलं कूलंट उकळीला आणते. गरम कूलंट वर सरकतं, गार त्याच्या जागी येतं, असं पंपाशिवायही थोडं फिरत राहतं. त्या पाच-दहा मिनिटांत टर्बोच्या छोट्या होजला, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीला, जेवढी उष्णता सोसावी लागते तेवढी अख्ख्या घाटात लागत नाही. होजला बारीक चीर असेल तर ती तेव्हाच उघडते. गळलेलं कूलंट एक्झॉस्टवर पडून तिथेच वाफ होतं, म्हणून खाली थेंब नाही.

आधी एक खात्री करा. सगळ्याच डिझेल टर्बोंना पाणी नसतं, कित्येक लहान इंजिनांत टर्बो फक्त ऑइलवर गार होतो. तुमच्या टर्बोच्या मधल्या भागाला ऑइलच्या नळ्यांखेरीज दोन रबरी होज किंवा पोलादी नळ्या जातात का, बघा. आणि गॅरेजात 'टर्बो पाईप' म्हणाले तर कुठला ते विचारा. बहुतेक वेळा ते इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, जाड हवेच्या पाईपाबद्दल बोलत असतात. तो फाटला तर शिट्टी वाजते, पिकअप जातो, काळा धूर येतो, कूलंट मात्र कमी होत नाही.

आता शोध. रात्रभर गार झालेल्या इंजिनावर कूलंटच्या टाकीला प्रेशर टेस्टर (दाबाचा काटा असलेला हातपंप) लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा आणि पंधरा मिनिटं काटा बघा. पडला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन टर्बोच्या मागे शोधा. आरसा नसेल तर मोबाईलचा कॅमेरा आत घाला. नाही पडला तरी सुटलात असं समजू नका, कारण काही चिरा गरम झाल्याशिवाय उघडत नाहीत. टेस्टर इंजिन गार असतानाच लावा, मग इंजिन थोडं तापवून पुन्हा तपासा, दाब मात्र झाकणावरच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका. गरम टाकी उघडून भाजून घेतलेले दोघे मला माहीत आहेत. होजच्या टोकाशी, क्लिपखाली, हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) आतल्या बाजूला सुकलेली पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली दिसली की चोर सापडला. होज दाबूनही बघा. टोकाला फुगीर, लिबलिबीत लागला तर वरून ऑइल गळत असणार. कूलंटच्या होजचं रबर ऑइलने सडतं, तेव्हा आधी ते गळणं बंद करा.

हेड उतरवायला लावते ती हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील, फुटल्याची लक्षणं वेगळी: सकाळी गार गाडी चालू करताच टाकीत बुडबुडे, रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज टणक, गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कूलंट हीटरमधून किंवा पंपातूनही गळू शकतं, म्हणून पायाखालचं कार्पेट ओलं नाही ना आणि वॉटर पंपाखाली ओघळ नाही ना, तेवढं जाता जाता बघा.

बदलताना माझी चूक करू नका. आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याला, भर पावसात माझा हाच होज गेला. दुकानात त्याच जाडीचा काळा होज मिळाला, लावला, रत्नागिरीला पोचलो, खूश. तो निघाला डिझेलचा होज. पंधरा दिवसांत कडक होऊन क्लिपपाशीच चिरला. कूलंटच्या होजवर सहसा 'जे २०' असा शिक्का असतो, इंधनाच्या होजवर 'जे ३०'. शक्यतो कंपनीचा, मूळ वळणाचाच घ्या. सरळ होज वाकवून बसवला की मुरडतो किंवा टर्बाईनच्या घराला, म्हणजे टर्बोच्या धुराकडच्या तापलेल्या भागाला, टेकतो. जाणारा आणि येणारा, दोन्ही एकदम बदला. दोघांचं वय एकच आहे.

काम गार इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून. हीट शील्डचे बोल्ट आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर डोकं तुटतं आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. हवेचा पाईप काढलात की टर्बोच्या तोंडाला लगेच स्वच्छ कापड बांधा. एक छोटा नट आत पडला की होजच्या पैशात टर्बो नाही येत. जुना होज ओढू नका, पिळून सैल करा किंवा ब्लेडने उभा चिरा, नळीवर ओरखडा न येऊ देता. नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने पुसा. बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून पाणी जातं तो) असेल तर त्याचे वॉशर नवेच. नवा होज बसेना तर आतून थोडं कूलंट लावा, ग्रीस नको. मूळ स्प्रिंगची क्लिप चांगली असेल तर तीच वापरा, रबर दबलं तरी ती पकड सोडत नाही. स्क्रूची घ्यायची तर पट्टा आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेसचे बघून घ्या. पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू लोखंडी, अशा क्लिपा सर्रास विकतात. हीट शील्ड परत लावायचीच.

भरताना विहिरीचं पाणी नको. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. रंग सारखा म्हणून दोन जातींची सरमिसळ करू नका. सांडलेलं पुसून टाका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. मग गाडीचं नाक चढाला करून हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून बुडबुडे संपेपर्यंत थांबा. इंजिन गरम असूनही हीटर गार हवा फेकत असेल तर आत हवा अडकली आहे. अशा वेळी काट्यावर विसंबू नका, सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर काटा खुशाल मध्यावर राहतो. दोनदा तापवून गार केल्यावर पातळी पुन्हा बघा.

जुना होज मेस्त्रीकडे ठेवू नका, घरी आणून उभा चिरा. आतून तडे असतील तर त्याच वयाचे बाकीचे होजही यंदाच बदलून घ्या. बाहेरून उंदरांच्या दातांच्या खुणा असतील, आणि पावसाळ्यात आपल्याकडे त्या असतातच, तर गाडी गोठ्यालगत उभी करायचं थांबवा.